बोळवण राहिली

गाण्याला हल्ली पहिले तीन सेकंद असतात. त्यापुढचं गाणं गायकाच्या समाधानासाठी असतं.

माझं काम त्या तीन सेकंदांचं. नवीन पनवेलमध्ये एका औषधाच्या दुकानावर माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. ज्यांच्या मागे कंपनी नाही, निर्माता नाही, बिल्डर सासरा नाही, असे गाणारे-वाजवणारे जिना चढून वर येतात, आणि त्यांचं गाणं लोकांच्या मोबाइलपर्यंत कसं पोचवायचं ते मी बघते. माझा भाचा मला 'डिजिटल स्ट्रॅटेजिस्ट' म्हणतो. खालचा औषधवाला रस्ता विचारणाऱ्यांना 'वर गाणी कापतात' असं सांगतो. त्याचं वर्णन जास्त बरोबर आहे.

संपादकांनी कामातल्या गमती लिहायला सांगितल्या. लिहिते. त्यातली शेवटची गंमत आहे की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

हे ऑफिस थाटण्याआधी मी मुंबईत एका कॅसेट कंपनीत होते. कॅसेटच्या आतल्या कागदावरचा मजकूर लिहायचे. कॅसेटचं एक बरं होतं. नावडतं गाणं टाळायचं तर बटण दाबून चाकं फिरेपर्यंत थांबावं लागे, आणि त्या खटाटोपापेक्षा गाणं ऐकून टाकणं सोपं जाई. बऱ्याच गायकांची कीर्ती या आळसावर उभी होती. पुढे आळस तसाच राहिला, खटाटोप संपला.

आता प्रत्येक गाण्यामागे आम्हाला एक आलेख दिसतो. किती जणांनी ऐकायला सुरुवात केली आणि कोण कुठे गळालं, याची एक रेष. ती डावीकडे उंच असते आणि मग लहान मुलांच्या घसरगुंडीसारखी खाली येते. मी तिला 'उठण्याची रेष' म्हणते. मैफलीतून उठणारा माणूस वाकून, चपला शोधत, थोडा ओशाळून तरी जातो. इथे अंगठा हलतो आणि माणूस नाहीसा होतो. एका मुलाच्या गाण्याला पहिल्या दिवशी एकच श्रोता मिळाला होता. ती आपली आई असल्याचं त्यानेच मला कौतुकाने सांगितलं. मी आलेख उघडला. आई अर्ध्यावर उठली होती. मी स्क्रीन माझ्याकडे वळवून घेतला.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळयांचा व्यापार करणारे एक गृहस्थ ख्याल गातात. चांगले गातात. ते आले तेव्हा शालीसकट आले होते.

"मॅडम, माझा राग सात मिनिटांनी उमलतो."

"साहेब, तोवर ऐकणारा कुणाच्या तरी डोहाळजेवणात पोचलेला असेल."

"मग मी करू काय?"

"उमललेलाच घेऊन या."

ते रागावून गेले आणि पुढच्या आठवड्यात शालीशिवाय परत आले. आम्ही तान आधी लावली, आलाप उडवला. गाणं बरं चाललं. दोनेक महिन्यांनी ते भेटले तेव्हा म्हणाले, "गंमत झालीय. घरी रियाजाला बसलो तरी आधी तानच बाहेर पडते. आलाप सापडत नाही. कुठे ठेवलाय तेच आठवत नाही." ते हसले म्हणून मीही हसले. जिना उतरताना मात्र ते एकेका पायरीवर थांबत होते, जणू खिशात काही चाचपत होते.

यानंतर सुप्रिया आली, आजीला घेऊन.

सुप्रिया एका खाजगी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी गिटारवर स्वतःची गाणी बांधते. आजीचं नाव हिराबाय. हिराबाय धवलारीण. आगरी लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. ती धवले गाते, आणि ते गाणं म्हणजेच विधी. हळद, मांडव, लग्न, सगळं तिच्या शब्दाने पुढे सरकतं. भटजी असतो, पण तो पाहुण्यासारखा. यांचं गाव विमानतळात गेलं. गावाचं नाव लिहीत नाही, नकाशावरही ते आता नाही. सगळे पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीत आले. सुप्रियाला आजीचा धवला गिटारसोबत ध्वनिमुद्रित करायचा होता.

हिराबायने खुर्चीत मांडी घातली आणि माझी चौकशी सुरू केली.

"तुमी काय करता, बाय?"

"गाणी लोकांपर्यंत पोचवते."

"लोकं बहिरी झालीत का?"

"बहिरी नाहीत. घाईत आहेत."

"मंग तुमी त्यांना घाईत सांगता?"

"साधारण तसंच."

"बरा धंदा हाय."

ध्वनिमुद्रण झालं. धवल्यात ती देवांना आणि वाडवडिलांना मांडवात बोलवत होती, एकेका जागेचं नाव घेऊन. खाडीतले या, मिठागरावरचे या, बांधावरचे या, चिंचेखालचे या. आवाज जुन्या लाकडी दारासारखा, थोडा करकरणारा आणि पूर्ण उघडणारा. शेवटच्या कडव्यांना ती उठली, खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि जिन्याकडे तोंड करून गायली. माइक तिच्यामागे ओढावा लागला, त्यात खालच्या रिक्षांचे हॉर्न आले. म्हातारपणाची लहर, असं मी समजले.

"याचा एक छोटा तुकडा करावा लागेल," मी तिला सांगितलं. "एवढं मोठं कोणी ऐकत नाही."

तिने थोडा विचार केला. "काय पन काप, बाय. पन बोलवन ठेव."

"बोलवण ठेवू," मी म्हणाले. सुप्रियाने मान हलवली. आम्ही 'येवा गो येवा, बांधावरचे येवा' हा तुकडा ठेवला. तो कापलाही असा, की शेवटचा 'येवा' पहिल्या 'येवा'ला येऊन मिळावा. आमच्या धंद्यात याला मान आहे. तुकडा कधी संपला ते कळत नाही आणि माणूस तोच पुन्हा पुन्हा ऐकत राहतो.

तो तुकडा पसरला. लोकांनी त्यावर लग्नाचे, डोहाळ्याचे, नव्या घराचे, नव्या गाडीचे व्हिडिओ लावले. हिराबाय खूश होती. सुप्रियाला रोज विचारायची, आज कुठल्या गावात वाजलं म्हणून. खाली प्रतिक्रिया येत. पहिल्या नेहमीच्या, अंगावर काटा आला वगैरे. हळूहळू वेगळ्या येऊ लागल्या. 'हे लावलं की आमचा कुत्रा दाराकडे बघत बसतो.' 'आई म्हणते बंद कर, कोणी आलंय वाटतं.' 'दार उघडलं, कोणी नाही. कोणाला असं होतंय का?' खाली पुष्कळांनी हो म्हटलं होतं. मी समाधानाने वाचत होते. अशी अफवा मुद्दाम उठवायची तर पैसे पडतात.

कळंबोलीच्या एका हॉलमधल्या लग्नात हिराबायला बोलावलं होतं. सुप्रियाने चित्रीकरणासाठी मलाही नेलं. नवऱ्या मुलाचे काका सफारीत, कानात वायर. ते म्हणाले, "मावशी, तेवढं रीलवालं म्हणा. लगेच डीजे आहे."

"पुडचं?"

"पुढचं राहू द्या. पब्लिक थांबत नाही."

ती गायली. शेवटचा 'येवा' हवेत असतानाच डीजेने आवाज सोडला. हिराबाय तोंड उघडं ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली. मग कुणाला तरी वाट द्यावी तशी भिंतीकडे सरकली.

जेवणाच्या बाजूला भांडण लागलं होतं. केटरर सांगत होता, "ताटं बरोबर आणलीत साहेब, माणसं तुमची जास्त आली."

"अहो, आमची माणसं अजून निम्मी ट्रॅफिकमध्ये आहेत!"

दोघेही खरं बोलत होते. हॉल अर्धा रिकामा होता आणि उष्ट्या ताटांची रास माझ्या खांद्याला लागत होती.

त्यानंतर सुप्रियाचा फोन आला. "मॅडम, आजीला तुमच्याशी बोलायचंय. ती जेवत नाही, झोपत नाही. घशात गाठ निघालीय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात आवाज राहील याची खात्री नाही. आणि ती ऑपरेशनला नाही म्हणते. म्हणते, आधी काम उरकू दे."

मी त्यांच्या घरी गेले. बाहेरच्या खोलीत नवा सोफा होता, दोन खुर्च्या होत्या, आणि हिराबाय कोपऱ्यात जमिनीवर बसली होती. मी सोफ्याकडे वळले.

"थितं नको, बाय. बसलेत."

मी जमिनीवर बसले. माझी देवावर श्रद्धा बेताची आहे, भुतांवर त्याहून कमी. तरी बसले. त्या खोलीत, सकाळी अकराच्या उजेडात, मोकळी जागा कमी होती. याहून नीट मला सांगता येत नाही. लग्नघरात आपण पाय आखडून बसतो, तशी मी बसले होते.

"बोलवन ठेव म्हनलं होतं ना मी तुला?"

"तीच ठेवली की, हिराबाय. 'येवा गो येवा'."

"ती आवतान! आवतान म्हंजे बोलावनं. बोलवन येगली." ती माझ्याकडे, शाळेतल्या ढ मुलीकडे बघावं तशी बघत राहिली. "पोरीला सासरी धाडताना तुमी काय करता?"

"बोळवण," मी म्हणाले. आणि थांबले.

"तेच तं मी म्हनतंय."

इकडच्या गावांतून 'ळ' बोलत नाहीत. डोळ्याला डोला, काळ्याला काला. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या बाईला हे माहीत असतं. मी जाता-येता रिक्षात ते ऐकते. सुप्रिया त्या घरात वाढली. तरी दोघींनाही त्या दिवशी 'बोळवण' ऐकू आली नाही, 'बोलवण' ऐकू आलं. पाठवणीच्या जागी आम्ही बोलावणं ठेवलं, आणि तेही न संपणारं.

हिराबायने ते मला समजावलं. आवाज बसका झाला होता, मधे मधे तुटत होता. मांडवात ज्यांना बोलवायचं त्यांना लग्न लागल्यावर वेशीवर नेऊन परत पाठवायचं. आवताण दिलं की बोळवण करायचीच. गाव गेल्यावरही ती वसाहतीच्या कडेला नाल्यापाशी उभी राहून जुन्या गावाच्या दिशेने बोळवण गायची. जायचे ते. "एका लग्नाला एकदा बोलवायचं असतं. तुमी तं रोज, दिसभर, गावोगाव बोलवताव. ती येतात. मांडव दिसत नाय, लगीन दिसत नाय. मंग जिच्या आवाजानं आली तिच्याकडं येतात. कुटं जातील?"

"ते काही करतात का?" मी विचारलं.

"करतात काय! पावने हायेत. बसून ऱ्हातात. कवा उटायचं ते कोनी सांगितलं नाय."

मी ऑफिसात आले आणि मला जमतं ते केलं. तुकडा काढून टाकला, अर्थात तोवर तो हजार जणांनी उचललेला होता. मग पूर्ण धवला, हॉर्नसकट, बोळवणीसकट, वर चढवला. एवढं ऐकून पाहुणे उठले तर उठले.

संध्याकाळी आलेख पाहिला. रेष नेहमीसारखी घसरली. तळाशी जायच्या थोडं आधी ती आडवी झाली आणि तशीच सरळ, एकही खाच न पडता, शेवटापर्यंत गेली. हे कधी होत नाही. कुणीतरी फोन खाली ठेवतं, कुणाचं स्टेशन येतं, कुणाचं दूध उतू जातं. इथे मूठभर ऐकणारे होते आणि त्यातलं एकही हललं नव्हतं. गाण्याच्या शेवटी शांततेचा एक तुकडा कापायचा माझ्याकडून राहिला होता. नुसती खोलीची हवा. रेष तिथेही खाली आली नव्हती. गाणं संपल्यावरही ते थांबले होते.

मी हिराबायला फोन केला.

"आवतान लांबून पोचतं," ती म्हणाली. "बोलवन समोर उबं ऱ्हाऊन करायची. पावन्याला फोनवरून 'निघ' म्हनतात का?"

"मग नाल्यावर?"

"थोडी होती तवा नाला पुरला. आता गावाच्या दारापरेंत सोडली पायजेत. आनि ऐकनारं एक मानूस पायजे, पयल्यापासून शेवटपरेंत, नजर न हलवता. नायतं ती बोलवन नाय, हाकलनं झालं. हाकललेलं जात नाय."

आदल्या दिवशी सुप्रियाने नाल्यावर आजीसमोर उभं राहून ऐकायचा प्रयत्न केला होता. अर्ध्यावर तिने हातातला फोन हळूच उभा धरला. आजी गायची थांबली. "ही ऐकत नाय, बगते," एवढंच म्हणाली. सुप्रिया रडली. तिला धवल्यातलं जे येतं ते आवताणापर्यंतच येतं, कारण तेवढंच चाललं होतं. ऑपरेशनमध्ये आवाज गेला तर बोळवण येणारं घरात कुणी उरणार नव्हतं.

म्हणून ऐकायला मी गेले. आढेवेढे घेतले, पण गेले. खरी भीती पाहुण्यांची नव्हती. इतकी वर्षं या धंद्यात काढून मी एकही गाणं सलग ऐकलेलं नव्हतं. माझा अंगठा कुठल्याही गाण्याला कंटाळण्याआधीच हलतो. बसवतं का, हेच मला माहीत नव्हतं.

दुपारी चारला आम्ही दोघी रिक्षात बसलो. मी एका कडेला बसले तर हिराबाय म्हणाली, "अजून सरक." पुलाच्या चढावर रिक्षा धापा टाकू लागली. "आज काय गाडी उटत नाय," रिक्षावाला म्हणाला आणि आरशातून मागे पाहिलं. मग आरसा त्याने बाहेरच्या बाजूला फिरवला.

विमानतळाच्या कुंपणाला एका बाजूला कामगारांच्या गाड्यांसाठी छोटं फाटक आहे. लाल-पांढरा आडवा दांडा, पत्र्याची खोली, आणि एक पहारेकरी. उत्तरेकडचा, मध्यम वयाचा. आम्हाला बघून तो उठला.

"माताजी, यहाँ रुकना मना है। इतनी भीड़ लेकर तो बिल्कुल नहीं।"

मी मागे वळले नाही. "आम्ही दोघीच आहोत," असं मी म्हणणार होते. हिराबायने माझा हात दाबला.

"हितं माजं घर होतं," तिने दांड्यापलीकडे बोट दाखवलं. "थोडा टाइम. गाऊन जाते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या दोघींच्या मागे, बराच वेळ. मग खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

ती गायली. बोलावताना जी नावं घेतली होती तीच उलट्या क्रमाने. चिंचेखालचे चिंचेखाली जा, बांधावरचे बांधावर जा. समोर सपाट भराव होता, त्यावर ऊन. बांध नव्हता, चिंच नव्हती. ती मात्र प्रत्येक जागेकडे हात करत होती, घरातल्या माणसाने अंधारात बटण शोधावं तशी, न चुकता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. पहिली काही कडवी बरी गेली. मग मला खाज सुटावी तसं झालं. कळलं, कळलं, पुढे चला, असं आतून कोणीतरी म्हणत होतं. पर्समध्ये फोन थरथरला. माझा हात पर्सच्या आत होता. तो तिथे कधी गेला ते मला कळलंच नव्हतं.

तिचा आवाज चिरला. ती एका शब्दावर अडकली आणि तोच शब्द पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, माझ्यावरची नजर न काढता. आजूबाजूची हवा थांबली, दाटली. माझ्या मानेवर कुणीतरी वाट पाहत होतं. मी हात बाहेर काढला आणि मांडीशी दाबून धरला. शब्द सुटला. ती पुढे गेली.

मग कंटाळा आला. खरा, शाळेतला, तासभर पुरणारा कंटाळा. तो आला, राहिला आणि निघून गेला. त्याच्या पलीकडे गाणं चालूच होतं, आणि आता ते मला वेगळं ऐकू येत होतं. तिची प्रत्येक ओळ कोणीतरी झेलत होतं. धवलारणी पूर्वी जोडीने गात, एक सोडायची, दुसरी धरायची. कुंपणाच्या पत्र्यांचा प्रतिध्वनी असेल. पत्रे एवढे सुरात नसतात.

शेवटच्या कडव्यात आवाज जवळजवळ उरला नव्हता. ओठ हलत होते. ओळी पुऱ्या होत होत्या, तिच्याकडून की आणखी कुणाकडून, मला सांगता येणार नाही. मी शेवटचा शब्द ऐकला. तो साधा होता, रोजचा. 'सावकाश.'

पहारेकरी दाराशी नव्हता. तो दांड्यापाशी गेला होता. रस्त्यावर गाडी नव्हती, ट्रक नव्हता. त्याने साखळी सोडली, दांडा सरळ उभा केला आणि एका बाजूला सरून, टोपी काढून थांबला. बराच वेळ. वाऱ्याने माझा पदर पुढच्या बाजूला ओढला गेला, आणि मग सैल पडला. हिराबाय रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा होती.

त्याने दांडा खाली घेतला, साखळी लावली. मी त्याच्याकडे गेले. माझ्या हिंदीची लाज वाटत असूनही विचारलं, की गाडी नव्हती, मग वर कशाला केलात.

त्याला प्रश्न विचित्र वाटला असावा.

"बुजुर्ग लोग थे, मैडम," तो म्हणाला. "झुककर थोड़ी जाते।"